एका घरात दोन शिक्के: हुआ हिनमधल्या एका मराठी जोडप्याचं प्रकरण

या प्रकरणातलं जोडपं पुण्याचं. ओळख पटेल असे तपशील त्यांच्या संमतीने बदलले किंवा गाळले आहेत. घडलेल्या गोष्टींचा क्रम आणि नियम मात्र जसेच्या तसे आहेत. मी त्यांना काका-काकू म्हणतो, इथेही तसंच म्हणेन.

थायलंडच्या किनाऱ्यावर येऊन राहायचा विचार करणारे लोक माझ्याकडे चौकशी करतात तेव्हा प्रश्न ठरलेले असतात. भाडं किती, समुद्र किती लांब, कणीक मिळते का, दवाखाना कसा आहे. घरमालक कागदावर सही करेल का, हे मला आजवर कोणी आपणहून विचारलेलं नाही. इथलं राहणं अडतं ते नेमकं तिथे. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

काका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, काकू जिल्हा परिषदेच्या शाळेतून. मुलगी परदेशात. काकांची आई वाईला, धाकट्या भावाकडे. पुण्यातला जुना फ्लॅट विकून २०२२ च्या सुरुवातीला दोघं हुआ हिनला आले.

हुआ हिन हे प्राचुआप खिरी खान प्रांतातलं गाव, बँकॉकच्या नैर्ऋत्येला साधारण २०० किलोमीटरवर, थायलंडच्या आखाताच्या पश्चिम किनाऱ्याला. राजा प्रजाधिपोक, म्हणजे सातवे राम, यांनी १९२० च्या दशकात इथे क्लाय कांगवोन राजवाडा बांधला, तेव्हापासून राजघराण्याचं आणि बँकॉककरांचं हे हवापालटाचं ठिकाण. पट्टाया किंवा फुकेतच्या मानाने इथे गोंगाट कमी. काकूंचे गुडघे दुखतात, त्यांना सपाट आणि लांबलचक किनारा हवा होता. काकांना रेल्वे हवी होती. दोन्ही मिळालं.

दोघांचा व्हिसा निवृत्तीच्या आधारावरचा. पन्नाशी ओलांडलेल्यांना तो मिळतो आणि दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागते. त्यासाठी एकतर दरमहा ६५,००० बाथचं उत्पन्न दाखवायचं, नाहीतर थाई बँकेत ८ लाख बाथ ठेवायचे. हे पैसे अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात असायला लागतात, मंजुरीनंतर तीन महिने त्यांना हात लावता येत नाही आणि उरलेलं वर्षभर शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊन चालत नाही. नवऱ्याच्या फाइलवर बायको अवलंबित म्हणून राहू शकते, मग दुसरे ८ लाख अडकवावे लागत नाहीत. ओळखीच्या सगळ्यांनी तोच सल्ला दिला. काकूंनी ऐकलं नाही. धाकटी बहीण विधवा झाल्यावर तिला बँकेच्या किती खेपा घालाव्या लागल्या ते त्यांनी पाहिलं होतं. परक्या देशात तर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरचं खातं त्याच्या पश्चात कोर्टाने वारसा-व्यवस्थापक नेमेपर्यंत हलत नाही. "माझं पुस्तक माझ्या नावावर," एवढंच त्या म्हणाल्या. तेव्हाच्या भावाने ३५ लाख रुपयांच्या वर रक्कम दोन खात्यांत जवळपास बिनव्याजी पडून राहिली. काकांना ते बरीच वर्षं खुपत राहील असं वाटलं होतं.

घर आणि शेजार

घर पेट्चकासेम रस्त्यापासून आत, एका गल्लीत. बैठं, मागे आंब्याचं झाड, पुढे काकूंनी लावलेला कढीपत्ता. भाडं १६,००० बाथ, अनामत दोन महिन्यांची. मालकीणबाई सत्तरीच्या, शेजारच्याच वस्तीत राहणाऱ्या. दोघं राहायला आली त्या दिवशीच त्या स्वतः इमिग्रेशन कार्यालयात जाऊन टीएम ३० भरून आल्या. घरात परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत घराच्या मालकाने किंवा ताबेदाराने कळवायचं, असं १९७९ चा इमिग्रेशन कायदा सांगतो. हे कळवलं नाही तर दंड मालकाला होतो, पण काम अडतं भाडेकरूचं. पुढे कुठल्याही अर्जाला ती पावती लागते.

सकाळी छाटछाय बाजार. हा बाजारही सातव्या रामांच्याच काळातला. काकू मासे तिथून घ्यायच्या. इथला प्ला थू आपल्या बांगड्याच्याच कुळातला, थोडा आखूड. कणीक आणि डाळी महिन्याकाठी बँकॉकच्या पाहुरतमधून. आमसुलं पुण्याहून येत, पण दक्षिणेकडच्या एका बाईंच्या टोपलीत त्याच जातकुळीच्या फळाच्या वाळवलेल्या फोडी मिळाल्या तेव्हापासून आमटीची चिंता मिटली. बाहेर खाताना अडचण फिश सॉसची. काका मासे खातात, काकू गुरुवार-शनिवार पाळतात, आणि भाजीच्या साध्या पदार्थातही तो सॉस असतो. नवरात्रात मात्र सगळं सोपं होतं. इथला शाकाहाराचा उत्सव त्याच सुमाराला येतो, आणि लाल अक्षरांचा पिवळा झेंडा लावलेल्या गाड्यावर मासा, मांस, लसूण काहीच नसतं.

शेजारच्या बाई पहाटे खनोम ख्रोकचा गाडा लावायच्या. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, खळग्यांच्या तव्यावर. आपले अप्पेच म्हणा, फक्त गोडसर आणि आत मऊ. काकू त्यांना "पा" म्हणायच्या, मावशी म्हणावं तसं. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. तरी तीन वर्षांत कुंपणावरून डबे गेले नाहीत असा आठवडा नसेल. या मावशी पुढे महत्त्वाच्या ठरतात.

२०२३ मध्ये मालकीणबाई वारल्या. घर बँकॉकमध्ये नोकरी करणाऱ्या भाच्याकडे गेलं. त्याने फक्त भाड्यासाठी स्वतःचा खातेक्रमांक कळवला. वर्षाचा करार संपला होता, नवा कोणी केला नाही. सगळं सुरळीत चाललं होतं म्हणून कोणाला घाई वाटली नाही. थाई कायद्यात घराची मालकी बदलली तरी चालू भाडेकरार मोडत नाही, नव्या मालकावर तो बंधनकारक असतो. पण त्यासाठी करार चालू असायला हवा.

अडचण कशी उभी राहिली

ऑगस्ट २०२४ मध्ये वाईहून फोन आला. आई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन. वय नव्वदीला टेकलेलं. दोघं त्याच संध्याकाळी टॅक्सीने सुवर्णभूमी विमानतळावर पोचली आणि रात्रीच्या विमानाने मुंबईला गेली.

इथे एक नियम नीट समजून घ्यायला हवा. वर्षभराची मुदतवाढ हातात असली तरी देशाबाहेर पाऊल टाकलं की ती संपते. ती जिवंत ठेवायची तर निघण्यापूर्वी पुनर्प्रवेश परवाना घ्यावा लागतो. एका खेपेचा १,००० बाथ, कितीही खेपांचा ३,८००. काकू नातवंडासाठी ये-जा करायच्या, त्यांनी फेब्रुवारीतच अनेक खेपांचा परवाना काढला होता. काकांचा वर्षभरात कुठे जायचा बेत नव्हता, त्यांनी काढला नव्हता.

सुवर्णभूमीवर निर्गमनाच्या बाजूला या परवान्याचा काउंटर असतो. पासपोर्ट, फोटो, एक अर्ज आणि पैसे, एवढ्यात काम होतं. काका त्या काउंटरच्या अलीकडून रांगेतून पुढे गेले. डोक्यात आई होती, शिक्का नव्हता. कोणाच्याही डोक्यात नसता.

आईंचं ऑपरेशन नीट झालं. २७ सप्टेंबरला दोघं परत आली आणि तपासणीच्या खिडकीवर पासपोर्ट पुढे सरकवले. काकूंच्या पानावर शिक्का उमटला फेब्रुवारी २०२५ पर्यंतचा. काकांच्या पानावर २५ नोव्हेंबर २०२४. अधिकारी बाईंनी बोट ठेवून दोनदा दाखवलं आणि नम्रपणे पुढच्या माणसाला बोलावलं. १५ जुलै २०२४ पासून भारतीयांना ६० दिवस विनाव्हिसा प्रवेश मिळत होता, म्हणून काका आत तरी येऊ शकले. त्यांची तीन वर्षांची मुदतवाढ-साखळी मात्र तुटली होती. कायद्याच्या नजरेत ते आता पर्यटक होते आणि त्यांची बायको रहिवासी.

दुसरी अडचण दोन दिवसांनी कळली. जून २०२० च्या सवलतीप्रमाणे पुनर्प्रवेश परवान्यावर त्याच पत्त्यावर परतणाऱ्याला टीएम ३० नव्याने भरावं लागत नाही. काकूंना ते लागलं नाही. काका नव्या प्रवेशावर आले होते, त्यांना लागणार होतं. आणि ते भरणाऱ्या मालकीणबाई आता नव्हत्या.

परवान्याची चूक पैशाने आणि वेळेने भरून निघणारी होती. घराच्या कागदांची पोकळी वर्षभर तशीच होती, ती या निमित्ताने उघडी पडली. परवाना असता तरी फेब्रुवारीच्या मुदतवाढीला भाचा आडवा आलाच असता, असं माझं स्पष्ट मत आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गाशा गुंडाळून पुण्याला परतण्याचा. आईंच्या आजारपणानंतर तो खरोखरच टेबलावर होता, केवळ चर्चेपुरता नाही. काका दोन रात्री त्याच विचारात होते. काकूंचं म्हणणं असं की परत जायचं असेल तर आईंसाठी जाऊ, कागद अडला म्हणून नको. दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले, आणि पुढचे सगळे निर्णय त्यामुळे सोपे झाले असं मला वाटतं.

दुसरा, भारतात जाऊन नव्याने व्हिसा काढून येणं. त्यातला ओ-ए, म्हणजे निवृत्तांसाठीचा दीर्घ मुदतीचा, प्रकार घेतला तर पोलिसांचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि आरोग्य विमा लागतो. सत्तरीच्या माणसाला मधुमेह असताना तो विमा परवडेल अशा हप्त्यात मिळणं कठीण. शिवाय पुन्हा विमान, पुन्हा खर्च.

तिसरा, थायलंडमध्येच राहून विनाव्हिसा प्रवेशाचं रूपांतर बिगर-स्थलांतरित ओ व्हिसात करणं. शुल्क २,००० बाथ. अट अशी की अर्जाच्या दिवशी मुक्कामाचे किमान १५ दिवस शिल्लक हवेत आणि पैसे परदेशातून आल्याचा पुरावा हवा. काकांचे ८ लाख जागेवर होते, परदेशातून रक्कम आल्याची बँकेची नोंदही होती. यात ९० दिवस मिळतात आणि त्यांच्या शेवटच्या टप्प्यात वर्षाच्या मुदतवाढीचा अर्ज करता येतो.

चौथा, काकांनी काकूंच्या फाइलवर अवलंबित होणं. त्यासाठी विवाह नोंदणीच्या दाखल्याचं थाई भाषांतर, वकिलातीची साक्ष, मग थाई परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. स्वतःचे पैसे खात्यात असताना या खटाटोपाची गरज नव्हती, पण काही बिनसलं तर ही वाट आहे हे माहीत असल्याने दोघं शांत होती.

पाचवा एजंट. बाजारात एकाने सुचवलं, सगळं करून देतो, घरमालकाची सही नको, काही नको. असले एजंट दुसऱ्याचे पैसे कागदोपत्री फिरवून आणि दुसऱ्याचा पत्ता दाखवून काम करतात. काकांनी बँकेत उभं आयुष्य काढलेलं. ते म्हणाले, खोट्या पत्त्यावर मला एक दिवसही राहायचं नाही. या उत्तराबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो, कारण त्या आठवड्यात ते मनाने खचलेले होते आणि तो रस्ता सगळ्यात सोपा होता.

तिसरा पर्याय ठरला. पण त्यालाही टीएम ३० लागणार होतंच. म्हणून खरा निर्णय व्हिसाचा नव्हता, घराचा होता.

काय केलं

भाच्याला त्यांनी लाइन या मेसेजिंग ॲपवर निरोप पाठवला. तो शनिवारी आला, संत्र्यांची पिशवी घेऊन. बसला, हसला, आईंची चौकशी केली, काही अडचण नाही म्हणाला. काकांनी ते होकार म्हणून घेतलं.

हवं होतं फार थोडं. कायद्याने ताबेदारही टीएम ३० भरू शकतो, म्हणजे भाडेकरू स्वतः. कार्यालय फक्त भाडेकराराची प्रत, मालकाच्या ओळखपत्राची प्रत आणि घराच्या नोंदवहीची, म्हणजे थाबियन बानची, प्रत मागतं, तिन्हींवर मालकाची सही. भाच्याची भीती अशी की सह्या केलेल्या प्रती कुठे फिरतील सांगता येत नाही, आणि भाड्याचं उत्पन्न सरकारदरबारी दिसेल. पहिल्या भीतीवर इथे एक रूढ उपाय आहे. प्रतीवर दोन तिरप्या रेघा मारायच्या, त्यांच्या मध्ये "फक्त टीएम ३० साठी" आणि तारीख लिहायची, मग सही करायची. रेघा छायाचित्रावरून आणि क्रमांकावरून जातात, त्यामुळे तीच प्रत दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. काकांनी नमुना करून दाखवला, स्वतःच्या पासपोर्टच्या प्रतीवर, पट्टीने रेघा मारून. भाच्याने तो नमुना आणि कोरे कागद घेतले आणि बँकॉकला गेला. दुसऱ्या भीतीबद्दल कोणी बोललंच नाही.

मग निरोप वाचल्याची खूण यायची, उत्तर यायचं नाही. कधी "पुढच्या आठवड्यात". काका थांबायला तयार होते. माणूस चांगला आहे, संत्री घेऊन आला, हे ते पुन्हा पुन्हा म्हणत. मावशींनी मात्र काकूंना गाड्यापाशी थेट सांगितलं, की तो सही करणार नाही. नाही म्हणताना तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही म्हणत नाही. त्या म्हणाल्या ते काकूंनी काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही.

काकूंनी तारीख ठरवली. दसऱ्यापर्यंत, म्हणजे १२ ऑक्टोबरपर्यंत, सही आली तर ठीक, नाहीतर घर सोडायचं. हिशेब साधा होता. २५ नोव्हेंबरमधून पंधरा दिवस वजा केले की अर्जाला १० नोव्हेंबर ही शेवटची कड. त्याच्या आधी नवं घर, नवं टीएम ३०, बँकेचं पत्र. मध्ये १४ ऑक्टोबरला आणि २३ ऑक्टोबरला सरकारी सुट्या, एक राजा भूमिबोल यांच्या स्मृतिदिनाची पुढे ढकललेली, दुसरी चुलालोंगकोर्न दिनाची. दिवस वाटतात तेवढे हातात नसतात.

दसरा गेला. सही आली नाही.

नवं घर शोधताना काकूंनी क्रम उलटा केला. खोल्या बघायच्या आधी दलालाला एकच प्रश्न: मालक टीएम ३० भरेल का, आणि ओळखपत्राची प्रत देईल का. काओ ताकियाबच्या बाजूला तीन सदनिका होत्या. पहिलीतून समुद्र थेट पलंगावरून दिसत होता, भाडंही बेताचं; मालक म्हणाला कागद नको, विश्वासावर राहा. काका पाच मिनिटं त्या खिडकीशी उभे होते. काकू दारात चप्पल घालून तयार. दुसरीचा मालक परदेशात होता. तिसरी रस्त्याच्या बाजूची, १७,००० बाथ, समोर पत्र्यांची गोदामं. पण इमारतीच्या व्यवस्थापन कार्यालयात बाई म्हणाल्या की भाडेकरू आला की नोंद आम्हीच ऑनलाइन करतो, त्याच दिवशी. ती घेतली.

अनामतीचे ३२,००० बाथ अडकले. २०१८ पासून अनामत आणि विजेच्या दराबाबत भाडेकरूंना संरक्षण देणारा नियम आहे, पण तो पाच किंवा अधिक घरं भाड्याने देणाऱ्यांना लागू होता. भाच्याचं एकच घर. कोर्टाची वाट मोकळी होती, पण त्या रकमेसाठी आणि त्या महिन्यात ती धरण्यात अर्थ नव्हता. मावशींनी भाच्याला फोन केला. काय बोलल्या ते माहीत नाही. निम्मे पैसे खात्यात आले.

सामान २० ऑक्टोबरला हललं. दुसऱ्या दिवशी पासपोर्टला टाचलेली टीएम ३० ची पावती हातात होती. एवढ्याशा कागदासाठी तीन आठवडे गेले होते.

अर्ज ४ नोव्हेंबरला केला. त्या सकाळी काका आधी बँकेत गेले, स्वतःच्या खात्यात थोडी रक्कम भरली आणि पुस्तकात नोंद छापून घेतली. हे अशासाठी की पुस्तकात त्याच दिवसाची ओळ असली म्हणजे शिल्लक आजची आहे याबद्दल वाद राहत नाही. बँकेचं पत्रही त्याच सकाळचं. कार्यालय घराचा हाताने काढलेला नकाशाही मागतं. काकांनी काढलेला नकाशा मी पाहिला आहे. त्यात पेट्चकासेम, मंदिर, दवाखाना, वळणावरचं औषधाचं दुकान, इमारतीचा दरवाजा, सगळं मापात. खिडकीवरच्या मुलीने तो वर धरून शेजारच्या सहकाऱ्याला दाखवला.

निष्पत्ती

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ओ व्हिसा मिळाला. जानेवारीअखेर वर्षाच्या मुदतवाढीचा अर्ज केला, शुल्क १,९०० बाथ, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दोघांचे शिक्के पुन्हा एकाच महिन्यातले झाले. काकांनी त्याच दिवशी, त्याच कार्यालयात, ३,८०० बाथ भरून अनेक खेपांचा परवाना काढला. आता दरवर्षी तो मुदतवाढीबरोबरच काढतात, कुठे जायचं असो वा नसो.

पैशाचं नुकसान मर्यादित राहिलं: निम्मी अनामत, सामानाची गाडी, वाढलेलं भाडं, दोन-तीन शुल्कं. दुसरं नुकसान मोठं आहे. आंब्याचं झाड गेलं, अंगण गेलं, कढीपत्ता कुंडीत आणला तो धरला नाही. सदनिकेत मासे तळले की मजल्यावरून निरोप येतो. काकू आठवड्यातून एकदा हिरव्या सोंगथेवने, म्हणजे इथल्या शेअर टेम्पोने, जुन्या गल्लीत जातात, मावशींच्या गाड्यावर बसतात. पण कुंपणावरून जे येता-जाता व्हायचं ते ठरवून जाण्यात होत नाही. गल्लीतल्या पोरांना काकांनी इंग्रजी शिकवायला सुरुवात केली होती, ते बंद पडलं. कागद सुटला आणि शेजार सुटला, असा हा व्यवहार झाला. तो टाळता आला असता का, हाच या प्रकरणातला माझ्यासाठी सगळ्यात टोचणारा प्रश्न आहे.

वेगळं काय करता आलं असतं

विमानतळावरच्या काउंटरचं सगळेच बोलतात, आणि ते खरंही आहे. १,००० बाथमध्ये ही पायरी टळली असती. पण घाबरलेल्या माणसाने विमानतळावर आठवण ठेवावी, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही. अनेक खेपांचा परवाना मुदतवाढीच्या दिवशीच काढून ठेवला की आठवण ठेवायची गरजच उरत नाही. घरी म्हातारे आईवडील असलेल्या कोणीही त्या ३,८०० बाथचा हिशेब करू नये.

खरी संधी हुकली ती २०२३ मध्ये, मालकीणबाई गेल्यावर. त्या वेळी भाच्याला घराची काळजी होती, भाडेकरू टिकावेत असं वाटत होतं, घाई कोणालाच नव्हती. तेव्हा नवा करार आणि दोन सह्या मागितल्या असत्या तर त्या मिळाल्या असत्या, किंवा मिळणार नाहीत हे तरी निवांत कळलं असतं. त्याच गल्लीत, मावशींच्या ओळखीने, दुसरं घर शोधायला वर्ष हाताशी होतं. काकांना सुतकाच्या घरात कागद काढणं अप्रशस्त वाटलं. मला त्यांचा संकोच कळतो. पण पन्नासाव्या किंवा शंभराव्या दिवसाचे विधी झाल्यावर, मावशींना बरोबर घेऊन, बोलता आलं असतं.

भाच्याशी झालेल्या बोलण्यातही एक वाट राहून गेली. ओळखपत्राच्या भीतीवर उपाय दाखवला, कराच्या भीतीवर नाही. भाड्यावरचा कर किती बसेल ते मोजून, तो आम्ही भाड्यात वाढवून देतो असं म्हणता आलं असतं. नव्या घराचं भाडं तसंही १,००० बाथने जास्त पडलं. तेवढेच जुन्या घराला देऊन अंगण राहिलं असतं कदाचित. काकूंना हे पटतं. काका म्हणतात, ज्याला सरकारपासून उत्पन्न लपवायचं आहे त्याच्या घरात राहणं आज ना उद्या अंगाशी आलंच असतं. दोघांत याबद्दल अजून एकमत नाही.

दसऱ्याची तारीख मला उशिराची वाटते. परतल्यानंतर आठवडाभरात दुसरं घर बघायला लागायचं आणि भाच्याशी बोलणं समांतर चालू ठेवायचं, असं मी सुचवलं असतं. पण तारीख ठरली आणि पाळली गेली, हे महत्त्वाचं. अशाच एका दुसऱ्या घरात "पुढच्या आठवड्यात" वर विसंबून मुदत उलटून गेलेली मी पाहिली आहे. तिथे दिवसाला ५०० बाथ दंड सुरू झाला होता.

मावशींचं बोलणं आधी धरलं असतं तर दोन आठवडे वाचले असते. त्या भाच्याला लहानपणापासून ओळखत होत्या. परक्या गावात आपण मालकाचं, वकिलाचं, एजंटचं म्हणणं तोलत बसतो आणि ज्याला माणसं ठाऊक आहेत त्याला विचारायचं राहून जातं.

आणि काकूंची वेगळी फाइल. त्या अवलंबित असत्या तर काकांचा शिक्का गेल्यावर त्यांच्या मुक्कामाचा आधारही गेला असता, दोघांचं रूपांतर एकदम करावं लागलं असतं, तेही विवाहाच्या दाखल्यावर शिक्के गोळा करत. प्रत्यक्षात त्या पूर्ण काळात घरातलं एक माणूस कायदेशीर रहिवासी होतं: नवा भाडेकरार त्यांच्या नावावर झाला, वीजबिल त्यांच्या नावावर आलं. ३५ लाखांतले निम्मे पडून राहिल्याची तक्रार काका आता करत नाहीत.

नव्या भाडेकरारात काकूंनी एक कलम घालून घेतलं आहे. घराची मालकी बदलली तर नव्या मालकाने तीस दिवसांत ओळखपत्राची आणि नोंदवहीची सही केलेली प्रत द्यायची, नाहीतर अनामत परत करून भाडेकरूला सोडायचं. दलालाला असं कलम नवं होतं, मालकाने मात्र वाचून लगेच सही केली. आई वाईला वॉकर घेऊन ओसरीपर्यंत येतात. परत जायचं का, हा प्रश्न दोघांनी पुढच्या मुदतवाढीच्या आधी पुन्हा घ्यायचं ठरवलं आहे.